चाळणीखालचे पीठ

दिवाळीच्या फराळाला कोणाच्या घरी गेल्यावर तेथील पाचवीतल्या मुलाला "काय रे, नवोदयची तयारी कुठवर आली?" असे विचारण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, ती बंद झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. विचारणारा चकली मोडता मोडता सहज विचारतो. पण त्या प्रश्नासरशी मुलाची मान खाली जाते, आई स्वयंपाकघराच्या दारात थबकते आणि बाप "चाललंय, चाललंय" असे काहीतरी पुटपुटून विषय पावसापाण्यावर नेतो. सणाच्या दिवशी एका दहा वर्षांच्या पोराची आणि त्याच्या घराची अशी झडती घेण्याचा अधिकार पाहुण्याला कोणी दिला?

अर्थात बिचाऱ्या पाहुण्यावर खापर फोडून भागणार नाही. त्याच्या घरीही एक पाचवीतले पोर असते, नाहीतर गेल्या वर्षी होते. हा रोग कोण्या एका घरचा नाही आणि तो पालकांच्या हावरटपणातून आलेला नाही, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे.

शहरातल्या काही वाचकांना हे नवोदय प्रकरण ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. १९८५-८६ साली केंद्र सरकारने दोन निवासी शाळा काढल्या. एक हरियाणात झज्जर येथे आणि दुसरी आपल्याकडे अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्या कल्पनेवर शिक्कामोर्तब केले आणि आज देशभरात अशा साडेसहाशेहून अधिक शाळा आहेत. एकट्या तामिळनाडूने त्या घेतल्या नाहीत. सहावी ते बारावी शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, सारे सरकारी खर्चाने. नववीपासून काही मुलांकडून थोडी फी घेतात, एवढेच. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, निदान एक तृतीयांश मुलींना. शेतमजुराच्या मुलाला प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मैदान मिळावे, हा हेतू उत्तम होता आणि पुष्कळ अंशी तो पारही पडला. या शाळांतून शिकून मोठी झालेली मुले मी पाहिली आहेत. तेव्हा कोणी असा गैरसमज करून घेऊ नये की, मी चांगल्या शाळेच्या नावाने बोटे मोडायला बसलो आहे. माझे भांडण शाळेशी नाही, शाळेच्या दाराशी आहे.

दार किती रुंद आहे ते पाहा. सहावीच्या वर्गात एका शाळेत जास्तीत जास्त ८० मुले घेतात. नांदेड जिल्ह्याचे उदाहरण घ्या. सोळा तालुके, दीड हजारांवर गावे आणि जागा ८०. म्हणजे तालुक्याला पाच. उरलेल्या गावांनी काय करायचे, तर टाळ्या वाजवायच्या! देशाचा हिशेब याहून निराळा नाही. २०२१ साली सुमारे २४ लाख मुलांनी या परीक्षेला नावे नोंदवली होती आणि जागा होत्या ४७ हजारांच्या घरात. पन्नास मुलांमागे एकही पुरता बसत नाही. आणि ही संधी आयुष्यात एकदाच. पुन्हा बसता येत नाही, तसा नियमच आहे. परीक्षेच्या दिवशी ताप आला, पोट बिघडले, एसटी चुकली, तर दहाव्या वर्षीच विषय संपला. दहावीच्या मुलाला आपण फेरपरीक्षेची मुभा देतो, मोठ्या माणसांना स्पर्धा परीक्षेला पाच-सहा वेळा बसू देतो. आणि ज्याला अजून बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्याला सांगतो की, बाळा, एकदाच!

आता या घरांना उपदेश करणारे एक नवे शास्त्री निघाले आहेत. ते वर्तमानपत्रांतून लिहितात, शाळेच्या पालकसभेत पाहुणे म्हणून येतात, नारळ-शाल घेतात आणि सांगतात, "पालकांनी ताण घेऊ नये. मुलांवर अपेक्षांचे ओझे लादू नये. प्रत्येक मूल वेगळे असते." अहो, हे त्या माऊलीला कळत नाही का? तिला एवढेच दिसते की, तिच्या गावच्या शाळेत वर्ग पाच आणि शिक्षक दोन. हे मी पदरचे सांगत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असे प्रमाण दिले आहे. म्हणजे सारे कायद्याप्रमाणे असले तरी एक गुरुजी एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळणार. त्यांतले एक निवडणुकीच्या कामाला गेले की उरलेल्यांनी पाचही वर्ग एका व्हरांड्यात बसवायचे. आणि तीस-चाळीस कोसांवर एक शाळा अशी आहे की, जिथे प्रत्येक विषयाला शिक्षक आहे. मधल्या अंतराला ती माऊली घाबरते. त्या घाबरण्याला "अपेक्षांचे ओझे" हे नाव देणे म्हणजे विहीर आटलेल्या गावात जाऊन बायकांना "तहान ही मनाची अवस्था आहे" असे सांगण्यासारखे आहे.

मग ती घाबरलेली घरे काय करतात? जे सुचते ते करतात. तिसरी-चौथीपासूनच क्लास लागतो. हल्ली तालुक्याच्या गावी दर दोन गल्ल्यांमागे एक नवोदयचा क्लास आहे आणि त्याच्या दारावर मागच्या साली "लागलेल्या" मुलांच्या फोटोंचा फ्लेक्स आहे. ज्यांना परवडते ते निवासी क्लासात मूल ठेवतात. म्हणजे निवासी शाळेत जाण्याची परीक्षा देण्यासाठी आधी दुसऱ्या वसतिगृहात राहायचे! ज्यांना परवडत नाही ते उसनवार करतात. कित्येक आया तालुक्याला खोली करून राहतात. बाप गावी शेत बघतो, हाताने भाकरी थापतो आणि शनिवारी दूध-भाजी घेऊन खोलीवर येतो. एका जागेसाठी एक संसार दोन चुलींवर चालतो. याच्या उलटही होते. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही वर्षे ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात; तेव्हा शहराच्या कडेला राहणारी शहाणी मंडळी पोराचे नाव जवळच्या खेड्यातल्या शाळेत घालतात. पोर राहते शहरात, शिकते शहरातल्या क्लासात आणि हजेरी लागते खेड्यात. ज्याच्यासाठी ती जागा राखली, तो मात्र शेरडे घेऊन माळावर.

या परीक्षेचा मोसम हिवाळ्याचा, म्हणजे दिवाळीची सुटी ऐन तयारीची. किल्ला करण्याचे वय हेच आणि किल्ला न करण्याची सक्तीही याच वयाला. गल्लीत बाकीची पोरे माती कालवीत असतात, मावळे मांडीत असतात, अळीव पेरून किल्ल्यावर हिरवळ उगवीत असतात. आणि एक पोर खिडकीत बसून सराव प्रश्नसंच सोडवीत असते. आता गंमत ऐका. या परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण आणि वेळ दोन तास. म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. त्यांतले निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे. त्यांत एक प्रकार असा की, कागदाची घडी घातली, तिला छिद्र पाडले, आता कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते ओळखा. ज्या पोराने दोन दिवाळ्या आजोबांच्या शेजारी बसून आकाशकंदिलाच्या करंज्या कातरल्या, त्याला हा प्रश्न सोडवायला क्लास कशाला हवा? पण आकाशकंदील कातरण्यात वेळ जातो म्हणून पोराच्या हातातली कात्री काढून घ्यायची आणि कातरलेल्या कागदाची चित्रे असलेले गाईड त्याच्या हाती द्यायचे, असा हा आपला व्यवहार आहे.

या परीक्षेतून हुशारी निवडली जाते, असे सरकार म्हणते. मला हे मान्य नाही. ज्याने तीनशे प्रश्नसंच सोडवले, त्याने आकृत्यांचे सगळे दहा प्रकार आधीच पाहिलेले असतात; त्याच्या दृष्टीने ती बुद्धिमत्ता नसून पाठांतर असते. ज्याने एकही सोडवला नाही, त्याची पहिली दहा मिनिटे उत्तरपत्रिकेवरचे गोल कसे रंगवायचे यातच जातात. दोघांत हुशार कोण, ते दोन तासांत कळत नाही. कळते एवढेच की, कोणाच्या घरी कोणीतरी शेजारी बसून शिकवणारे होते. गरिबाच्या हुशार पोरासाठी उघडलेल्या दारावर अशी कडी लावली की, ती काढायला आधी क्लासचे पैसे लागावेत.

घरोघर या दिवसांत भाजणी चाळली जाते. चाळणीखाली पडते ते पीठ आपण डब्यात भरतो आणि वर राहतो तो कोंडा गुरांपुढे ठेवतो. सरकारची चाळणी उफराटी आहे. तिच्यात वर राहिलेले ८० जपून उचलायचे आणि खाली पडलेले हजारो, ज्यांच्यावर उद्याचा महाराष्ट्र चालायचा आहे, ते झाडूने लोटायचे. वर राहिलेली मुले कोंडा आहेत असे मी म्हणत नाही. ती गुणीच आहेत. पण खाली पडले तेही पीठच आहे, हे विसरून कसे चालेल?

याच बाबतीत कायद्याचा एक मासला वाचकांपुढे ठेवतो. शिक्षणहक्क कायद्याने प्रवेश देताना मुलाची चाळणी परीक्षा घ्यायला मनाई केली आहे. ही परीक्षा कोणा शाळेने घेतलीच, तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. फार चांगली गोष्ट! पण त्याच कायद्यात नवोदय, केंद्रीय आणि सैनिकी शाळांचा एक "विशेष प्रवर्ग" केला आहे, आणि नवोदयची व सैनिकी शाळांची परीक्षा चालूच राहिली. म्हणजे गावातल्या संस्थाचालकाने पोराला चार प्रश्न विचारले तर तो गुन्हेगार आणि सरकारने लाखो पोरांना ८० प्रश्न विचारले तर ती गुणवत्तेची निवड!

मी स्वतः मास्तरकी करतो, त्यामुळे आमच्या व्यवसायाबद्दल बोलायला मला संकोच वाटायला हवा. पण वाटत नाही. पाचवीच्या वर्गात जाऊन पाहा. पुढच्या दोन बाकांवर पाच-सात पोरे बसलेली असतात. ती "नवोदयची". त्यांना जादा तास, त्यांना झेरॉक्स, त्यांची चौकशी साहेबांच्या भेटीत. मागच्या बाकांवरच्यांना शुद्धलेखन दिलेले असते. दिवसभर तेच. यात मास्तर दुष्ट असतो असे नाही. त्याच्या शाळेचा मोठेपणा तालुक्यात याच आकड्यावर मोजतात, किती लागले? दोन लागले तर सत्कार, एकही लागला नाही तर बैठकीत खाली मान. मागच्या बाकावरचे एखादे पोर वर्षभरात वाचायला शिकले, याचा फ्लेक्स कोणी लावलेला मी अजून पाहिलेला नाही. आणि पुढच्या बाकावरच्या ज्या पोरांचे नाव यादीत येत नाही, त्यांचे काय होते? निकालाच्या दिवशी शाळेत एकाला हार घालतात. उरलेली सहा टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर जाऊन बसतात. त्यांना तसे कोणी सांगत नाही.

या शाळा काढताना सरकारने एक वचन दिले होते, त्याची आज कोणी आठवणही काढीत नाही. या शाळा जिल्ह्यातल्या इतर शाळांना वाट दाखवतील, तिथे शेजारच्या शिक्षकांचे प्रशिक्षण होईल, तिथल्या सोयी आणि अनुभव इतरांशी वाटून घेतले जातील, असे ठरले होते. "गतिनिर्धारक शाळा" हा शब्द त्यासाठीच होता. चाळीस वर्षे होत आली. वाचकहो, आपापल्या गावच्या गुरुजींना विचारा, नवोदयच्या प्रयोगशाळेत तुम्ही आपल्या मुलांना घेऊन किती वेळा गेलात? तिथला गणिताचा शिक्षक आपल्या शाळेत किती वेळा आला? उत्तर काय येईल ते मला ठाऊक आहे. दिवा लावला, पण त्याच्याभोवती भिंत बांधली, आणि मग भिंतीबाहेरच्यांना म्हणायचे, पाहा, उजेडासाठी पोरे किती मेहनत करतात!

कोणी म्हणेल, "स्पर्धा तर जगात सगळीकडेच आहे, मुलांना लवकर सवय झालेली बरी." कुस्तीत स्पर्धा असावी, बैलगाडीच्या शर्यतीत असावी, वक्तृत्वात असावी. पण गावात स्वच्छ पाण्याचा एकच नळ आहे म्हणून लहान मुलांची परीक्षा घेऊन पन्नासांत एकाला पाणी द्यावे, असे कोणी सुचवले तर त्याला आपण वेड्यात काढू. शिक्षक असलेली शाळा ही पाण्यासारखी गोष्ट आहे की कुस्तीच्या मानाच्या गदेसारखी, एवढेच आधी ठरवावे.

ही जत्रा काही आपल्याच देशात भरली असे नाही. इंग्लंडने १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची विभागणी करून पाहिली, पुढे बहुतेक ठिकाणी ती सोडली. तरी तिथे आजही १६३ ग्रामर शाळा परीक्षेने मुले घेतात आणि केंटसारख्या परगण्यात आईबापांची झोप उडते. पण मला सर्वांत आवडलेली हकीगत दक्षिण कोरियाची आहे, आणि ती फराळाच्या वेळी सांगण्यासारखीही आहे. तिकडे आपल्या पाकासारखा एक चिकट गोड पदार्थ करतात, भातात मोड आलेल्या धान्याची पूड घालून. १९६४ च्या अखेरीस सोल शहरात माध्यमिक शाळांच्या प्रवेशपरीक्षेत एक प्रश्न आला: या पुडीऐवजी दुसरे काय घातले तरी चालेल? परीक्षकांच्या मते उत्तर एका पाचक रसायनाचे होते. पण दिलेल्या पर्यायांत मुळ्याचा रसही होता आणि पुष्कळ मुलांनी तो लिहिला. एका प्रश्नाने नावाजलेल्या शाळा हुकल्या. मग आयांनी काय करावे? त्यांनी खरोखरच मुळ्याचा रस घालून तो पदार्थ शिजवला आणि भांड्यासकट शिक्षणखात्याच्या कचेरीत नेऊन ठेवला. म्हणाल्या, खाऊन पाहा! प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६५ साली निकाल आयांच्या बाजूने लागला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिथल्या सरकारने १९६८ साली ती परीक्षाच मोडीत काढण्याचे ठरवले. १९६९ पासून सोलमध्ये आणि १९७१ पर्यंत देशभर, मुलांना चिठ्ठ्या टाकून आपापल्या भागातल्या शाळेत पाठवू लागले. नावाजलेल्या काही शाळा तर बंदच केल्या. तिकडचा ताण त्यामुळे नाहीसा झाला, असे मी सांगणार नाही. तो विद्यापीठाच्या परीक्षेकडे सरकला आणि तिथल्या खाजगी क्लासांची ख्याती आज जगभर आहे. तरी बारा वर्षांच्या पोराच्या मानेवरचे जू उतरले, हे खोटे नाही. आणि चिठ्ठीचा एक गुण असा की, ती साहेबाच्या मुलालाही कोणत्याही शाळेत टाकते. साहेबाचा मुलगा जिथे बसतो, तिथले छप्पर गळत राहत नाही.

आपल्याकडे चिठ्ठ्या टाकाव्यात असे मी म्हणत नाही. आपली गोष्ट निराळी आहे. चिठ्ठी टाकायला निदान बऱ्यापैकी शाळा हव्यात. त्याच नसल्या तर चिठ्ठी आणि परीक्षा सारखीच. माझी मागणी साधी आहे आणि ती पालकांकडे आहे, सरकारकडे नंतर. जेवढा पैसा, जेवढी रात्रीची जागरणे आणि जेवढे नवस या एका परीक्षेपायी होतात, त्यांतला थोडा वाटा आपल्या गावच्या शाळेच्या पायरीवर खर्च करा. कायद्याने त्याची सोय केलेली आहे. प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. या समितीची बैठक म्हणजे चहा पिऊन वहीत सह्या करण्याचा कार्यक्रम, असाच बहुतेक ठिकाणी समज आहे. क्लासवाल्याला "माझ्या पोराचा नंबर किती आला?" म्हणून दर आठवड्याला फोन करणारा बाप या बैठकीला येत नाही, आणि त्याचे कारणही मला ठाऊक आहे, त्याने मनाने ती शाळा सोडून दिलेली असते.

सुटी संपून शाळा उघडली की पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि तिला जा. सत्काराचा विषय मागे ठेवायला सांगा. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हा आकडा मुख्याध्यापकांकडून वहीत लिहून घ्या. एकच गुरुजी किती वर्ग सांभाळतात, आणि गेल्या वर्षी शाळेबाहेरच्या कामासाठी त्यांचे किती दिवस गेले, तेही लिहून घ्या. पाचवीतल्या मागच्या बाकावरच्या मुलांना धडा वाचायला लावा, त्याच बैठकीत, सर्वांसमोर नव्हे, पण समितीतल्या दोन आयांसमोर. मग तो कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्या, पोच घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. जाताना चार आया बरोबर असू द्या. सोलच्या बायकांनी मुळ्याचे भांडे नेले होते. तुम्ही हजेरीपट नेलात तरी पुरे.